तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गातला पोस्टकार्डांचा डबा

शाळेत कोणी पाहुणे आले, पालक आले की माझ्या टेबलावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा बघून विचारतातच, मॅडम, आजकाल पोस्टकार्ड कोण वापरतं हो? दरवेळी तास सुरू असतो म्हणून अर्धवट काहीतरी सांगते, आज नीट सांगते.

तो डबा खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांच्या आठवणीचा आहे. 20 मे 2025 ला पहाटे सर गेले, पुण्यात घरीच, झोपेत, वय 86. उन्हाळ्याची सुट्टी होती, मी माहेरी आमरसाला आंबे पिळत बसले होते आणि मोबाईलवर बातमी दिसली, हात तसेच बरबटलेले आणि डोळ्यांतून पाणी. वहिनी म्हणाली, तुझी ओळख होती का गं? नव्हती. एकदाच ऐकलं होतं त्यांना, तेही लांबून, पुण्यात, पोराटोरांच्या गर्दीत मागे उभं राहून.

पण त्यांची एक गोष्ट मनात पक्की बसलेली. मुलं सहीसाठी वह्या पुढे करायची तेव्हा सर सांगायचे की मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर आणि सही दोन्ही मिळेल. आणि खरंच पाठवायचे! केंब्रिजला फ्रेड हॉईल या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाबरोबर काम केलेला, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारा माणूस, सगळं जग बिग बँग, म्हणजे विश्व एका महास्फोटातून सुरू झालं, हे धरून चाललेलं असताना आपल्या शंका न सोडणारा, तो सहावीतल्या पोराला स्वतः उत्तर लिहायचा. मला वाटतं हे बनारसच्या घरातूनच आलं असणार. तिथे त्यांचे मोरूमामा घरातल्या फळ्यावर त्यांच्यासाठी अवघड गणित लिहून ठेवायचे आणि ते सुटेपर्यंत पुसायचं नाही. पोराच्या डोक्याला एवढा मान देणारी माणसं किती असतात सांगा.

जूनमध्ये शाळा उघडली तशी पोस्टातून 40 कार्डं आणली, 50 पैशांना एक, वीस रुपयांत काम. मुलांनी कार्डावर प्रश्न लिहून डब्यात टाकायचा. नियम एकच, प्रश्न स्वतःचा पाहिजे, पुस्तकातला नको. पहिला आठवडा तर पत्ता कुठे लिहायचा आणि पिनकोडचे सहा चौकोन कशाला यातच गेला, पण मजा आली.

सहावीतल्या एकाने लिहिलं, 'मॅडम मी एस्टीत बसलो की चंद्र माझ्या बरोबर का येतो, झाडं का येत नाहीत'. अक्षर इतकं वाकडं, 'चंद्र' दोनदा खोडलेलं. मी लिहिलं की चंद्र साधारण 3 लाख 84 हजार किलोमीटर लांब आहे, तुझी एस्टी दहा किलोमीटर गेली तरी त्याच्याकडे बघायची दिशा जवळपास तीच राहते, झाडं मात्र खिडकीला लागून असतात म्हणून पटापट मागे पडतात. कार्ड हातात न देता मुद्दाम पोस्टात टाकलं. पोस्टमनकाका घरी गेले तर त्याची आजी घाबरली, कार्ड म्हटलं की तिला आधी कोण गेलं हेच सुचतं, मग नातवाने तिला मोठ्याने वाचून दाखवलं आणि शेजारच्यांनाही.

परवा डब्यात त्याचंच दुसरं कार्ड आलं. 'मग ढग पण बरोबर येतात, ते पण तेवढे लांब आहेत का?'

आज रात्री बसून लिहिते त्याला.