दोन गाड्यांच्या क्लासमधली पहिली

कार रेसिंगमधल्या माझ्या पहिल्या ट्रॉफीवर 'प्रथम क्रमांक' असं कोरलंय. त्या दिवशी माझ्या क्लासमध्ये, म्हणजे गाड्यांच्या गटात, दोनच गाड्या होत्या आणि दुसरीचा क्लच फॉर्मेशन लॅपलाच, म्हणजे रेस सुरू होण्याआधीच्या फेरीतच, गेला, हे कुठेच कोरलेलं नाही. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात. माझ्या वेळेला वासरूही नव्हतं.

चूक अशी झाली की मी आधी गाडी घेतली आणि मग तिला क्लास शोधत बसले. दोन लिटर टर्बो, चार दरवाजे, मला रस्त्यावर चालवतानाच आवडलेली. नियमपुस्तिका उघडली तेव्हा कळलं की टर्बो इंजिनाची क्षमता गुणकाने वाढवून धरतात. मोटरस्पोर्टची जागतिक संस्था असलेल्या एफआयएच्या रूढ हिशेबात पेट्रोल टर्बोला १.७ ने गुणतात, तोच नियम आमच्याकडे. म्हणजे माझं दोन लिटरचं इंजिन कागदावर झालं ३.४ लिटरचं, आणि माझी घरगुती गाडी जाऊन बसली मोठ्या इंजिनांच्या खुल्या क्लासमध्ये. तिथे जे दोन-तीन लोक यायचे त्यांच्या गाड्यांचं मूळ मॉडेल ओळखायलाही विचार करावा लागायचा. ते पुढे निघून जायचे, छोट्या गाड्या माझ्या मागे राहायच्या, आणि मी मध्ये एकटी, घड्याळाशी शर्यत लावत. तीन सीझन.

एकटेपणा एक वेळ चालला असता. त्या गाडीची भूक चालेना. मी दिवसभर आकडेमोड करणारी बाई, म्हणून एका रात्री ब्रेकचा हिशेब मांडला. १,००० किलोची गाडी ताशी १५० किलोमीटरवरून ८० वर आणायची तर ब्रेकना साधारण ६२० किलोज्यूल उष्णता गिळावी लागते. माझी गाडी १,५०० किलोची, आणि त्याच वळणाआधी ती २०० वर पोचलेली असायची. तिचा आकडा आला १,९४० च्या आसपास. तिपटीहून जास्त, आणि तेही एका वळणाला, एका लॅपमध्ये. मग पॅड एका वीकेंडमध्ये का संपतात, डिस्कना चिरा का जातात, पाचव्या लॅपला पेडल स्पंजसारखं का होतं, याचं नवल वाटेनासं झालं. डॉट ४ ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर ती हमी १५५ वर येते. मी दर रेसआधी ते बदलायचे. दादा म्हणायचा, "अगं, तू रेसिंग करतेस की ब्रेकची सेवा?"

दादा माझा सख्खा भाऊ आणि बिनपगारी मेकॅनिक. गाडी बदलायचं ठरलं तेव्हा त्याने एकच अट घातली: या वेळी गाडी शेवटी बघायची. म्हणून मी मागच्या दोन सीझनचे निकाल काढले आणि प्रत्येक क्लाससाठी दोन रकाने भरले. सुरुवातीला किती गाड्या उभ्या होत्या, आणि पाचव्या व पंधराव्या गाडीच्या सर्वांत वेगवान लॅपमध्ये किती सेकंदांचं अंतर होतं. पहिल्या आलेल्याकडे बघायचंच नाही, कारण मी पहिली येणार नव्हते. माझ्या जुन्या क्लाससमोर दुसरा रकाना रिकामाच राहिला. पाचवी गाडीच नव्हती.

फॉर्म्युला व्हीने मोहात पाडलं, हे कबूल करते. बीटलचं एअर-कूल्ड १,२०० सीसी इंजिन, बीटलचाच पुढचा अ‍ॅक्सल, ड्रम ब्रेक, आणि यातून उभी राहिलेली सिंगल-सीटर. फॉर्म्युला वनचे विजेते निकी लाउडा आणि केके रोसबर्ग दोघेही कधीकाळी व्हीमध्ये धावलेत. एकाने मला त्याची गाडी टेस्टच्या दिवशी दहा लॅप दिली. ताकद इतकी कमी की वळणात एकदा वेग सांडला की पुढची अख्खी सरळ रेषा त्याची शिक्षा भोगायची. खुल्या क्लासमध्ये मी तीन वर्षं चुका केल्या आणि टर्बोने त्या झाकल्या, हे त्या दहा लॅपमध्ये कळलं.

तरीही व्ही घेतली नाही. एक कारण भीती. अशा गाड्यांची चाकं उघडी असतात, आणि एकीच्या चाकावर मागच्या गाडीचं चाक चढलं की गाडी हवेत जाते, आणि मी ते जवळून पाहिलंय. दुसरं कारण दादाने सांगितलं: "तुझ्या शेजारी कोणी बसू शकणार नाही." हे मला सुचलंच नव्हतं. दोन सीटच्या गाडीत टेस्टच्या दिवशी प्रशिक्षक शेजारी बसतो, अॅक्सलरेटरवरून तुझा पाय कधी उचलला जातो ते बघतो. फॉर्म्युला फोर्ड ही दुसरी सिंगल-सीटरही याच न्यायाने बाद झाली. ती १९६७ पासून चालत आली आहे, पंख नाहीत, १,६०० सीसी इंजिन, आणि इतकी सुंदर दिसते की मी अजूनही पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसच्या गाड्या उभ्या करतात तिथे, तिच्याजवळ थोडी जास्त रेंगाळते.

उरला माझदा एमएक्स-५ चा एकाच मॉडेलचा क्लास. १९८९ साली आलेली छोटी दोन सीटर. स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, टायर सगळं ठरलेलं. माझ्या रकान्यात तिच्यासमोर लिहिलं होतं: गाड्या २८, पाचवी ते पंधरावी अंतर १.४ सेकंद. त्या १.४ सेकंदांत दहा माणसं कोंबलेली होती, आणि मला त्यांच्यात जायचं होतं.

सगळ्या गाड्या सारख्या म्हणून पैशाचा खेळ नाही, हे मात्र खरं मानू नका. पुढचे लोक प्रत्येक मोजमाप नियमाच्या अगदी काठावर नेऊन इंजिन बांधतात. नवे टायर किसून त्यांची नक्षी उथळ करून घेतात, म्हणजे रबराचे ठोकळे वळणात कमी वाकतात. मी जुन्याच टायरवर बहुतेक सीझन काढते आणि त्याने मी तेराव्याऐवजी सोळावी येते. तेवढं मला परवडतं.

घेण्याआधी एक गोष्ट मात्र नक्की करा: हेल्मेट घालून सीटमध्ये बसा. रोल केजच्या, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणाऱ्या आतल्या पोलादी पिंजऱ्याच्या, पुढच्या आणि मागच्या नळीवर सरळ काठी टेकवली, तर हेल्मेट तिच्याखाली राहिलं पाहिजे. आमच्या क्लबमधला एक सहा फुटी गृहस्थ गाडी घेऊन, रंगवून, मग यात अडकला. त्याला सीटच खाली उतरवून वेल्ड करावी लागली.

माझी अडचण उलटी. गाडीचं किमान वजन ड्रायव्हरसकट मोजतात आणि मी ५४ किलोची. म्हणून रेसला शेजारची सीट काढून तिथे शिशाच्या पट्ट्या बोल्टने आवळते. जाडजूड मंडळी म्हणतात, "ताई, तुम्हाला वजन हवं तिथे ठेवता येतं, आम्हाला पोटावरच ठेवावं लागतं." पहिल्या रेसला मी गाडी सकाळी मोजली आणि खूश झाले. वजन रेसनंतर करतात. वीस मिनिटांत दहाएक लिटर पेट्रोल जळलं, म्हणजे साडेसात किलो उडाले, आणि मी काट्यावर दोन किलोने कमी भरले. चौदावा नंबर गेला. दादा काही बोलला नाही, फक्त पाना घेऊन आणखी एक पट्टी बसवायला लागला.

टर्बो अजून विकली गेलेली नाही. मागच्या आठवड्यात एक मुलगा बघायला आला होता. बॉनेट उघडून बराच वेळ उभा राहिला, आवाज ऐकला, डोळे चमकले. मग विचारलं, "ही कुठल्या क्लासमध्ये चालते?" मी सांगितलं. "तिथे किती जण असतात?" तेही सांगितलं. उद्या फोन करतो म्हणाला.