माडावर नाही, पाटावर

गोव्यातल्या साखळी गावच्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात त्या सकाळी एक पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, आला, तो स्वतःच्या पायांनी चालत. लंगडत होता, पण चालत होता, आणि म्हणूनच आठवडाभर त्याचं दुखणं कोणी मनावर घेतलं नव्हतं. पाय मुरगळला असं समजून घरच्यांनी पाला वाटून बांधला, भाच्याने क्रेप बँडेज आणून दिलं. ‘दुखत नाही फारसं, बाय,’ तो म्हणाला, ‘पण पायात जोरच येत नाही.’

पन्नाशीचा माणूस, पोरवयापासून बापाबरोबर माडावर चढलेला. त्या दिवशी कुळागरातले, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतले, नारळ पाडून झाले, कोयता कमरेला अडकवला आणि घरी निघताना पाण्याचा पाट ओलांडायला त्याने डाव्या पायावर उडी घेतली. ‘मागून कोणीतरी दगड हाणला असं वाटलं. आवाजसुद्धा आला. वळून बघितलं तर मागे कुत्रंही नाही.’

हे ऐकल्यावर माझा हात थेट त्याच्या पोटरीकडे गेला. पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडणारी कंडरा, म्हणजे अकिलीस टेंडन, तुटलेली माणसं जवळजवळ याच शब्दांत सांगतात.

त्याला खाटेवर पालथं झोपवलं, पावलं कडेबाहेर ठेवली. उजवी पोटरी दाबली तसं पाऊल खाली झुकलं. डावी दाबली, पाऊल ढिम्म हललं नाही. टाचेच्या वर तीन-चार बोटांवर बोट रुतेल असा खड्डा लागला. ही थॉम्प्सनची चाचणी. ना यंत्र लागतं, ना पैसा. तरीही ती करायची राहून जाते, कारण रुग्ण चालताना दिसतो. घोट्यामागून जाणारे दुसरे स्नायू आणि पायाची बोटं वाकवणारे स्नायू पाऊल थोडंफार खाली दाबतात, तेवढ्यावर माणूस घरभर फिरतो. त्या एका पायाच्या चवड्यावर मात्र त्याला उभं राहता येत नाही.

कंडरा तुटली आहे असं मी सांगितलं तेव्हा तो बराच वेळ पायाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘इतकी वर्षं माडावर चढतोय. तिथं नाही तुटली, आणि हातभर पाटावर तुटली?’

हा प्रश्न मला फार आवडला. बाहेर दोन रुग्ण थांबले होते, तरी मी कागद ओढला.

त्याचं वजन ६० किलो. चवडा घोट्याच्या सांध्यापासून साधारण १२ सेंटीमीटर पुढे, कंडरा साधारण ५ सेंटीमीटर मागे. एका पायाच्या चवड्यावर नुसतं स्थिर उभं राहायचं तरी तरफेच्या हिशेबाने कंडरेला १४४ किलोची ओढ सोसावी लागते. फिनलंडचे पावो कोमी यांनी जिवंत माणसाच्या या कंडरेवर मोजमापाचं साधन बसवून धावतानाची ओढ मोजली होती. ती शरीराच्या वजनाच्या १२ पटींच्याही वर गेली. पाटावरची उडी त्याच जातीची: एकच पाय, अंगाचं सगळं वजन चवड्यावर, आणि टाच खाली जात असतानाच पोटरीने मारलेला जोर.

मग त्याला म्हटलं, माडावर पाय कसा धरता ते दाखवा. त्याने खाटेवर बसूनच दोन्ही तळवे समोरासमोर आणून दाखवले. खोड तळव्यांच्या मधल्या खळग्यात बसतं, चवड्यावर नाही. म्हणजे भार घोट्याच्या बराच जवळ येतो आणि पुढची तरफ आखूड होते. शिवाय निम्मं वजन हातांनी पेललेलं, वर ढकलायचं काम मांड्यांचं, आणि सगळं सावकाश. चाळीस फुटांवर बसलेल्या माणसाला बघून खालच्यांना धडकी भरते, पण त्याच्या कंडरेला तिथे पाटावरच्यापेक्षा किती तरी कमी काम असतं.

कंडरेतले कोलॅजन या प्रथिनाचे तंतू विसाव्याच्या वेळी वेणी सोडल्यावरच्या केसांसारखे नागमोडी असतात. लांबी सुमारे २ टक्के वाढेपर्यंत ते सरळ होतात. ४ टक्क्यांच्या आसपास ओढ गेली तरी सोडल्यावर पूर्ववत होतात. त्यापुढे एकेक तंतू तुटू लागतो, आणि ८ ते १० टक्क्यांच्या सुमारास सगळीच जाते. तुटलेले तंतू भरून येतात, पण फार हळू. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की या कंडरेचा गाभा वयाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि नंतर जवळपास बदलत नाही. १९५५ ते १९६३ दरम्यानच्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला किरणोत्सारी कार्बन-१४ गाभ्यात किती उतरला आहे, त्यावरून त्यांनी ते ताडलं. या माणसाचा गाभा तो बापामागून माडावर चढायला लागला त्या काळातलाच.

त्याच्या औषधांच्या पिशवीत सिप्रोफ्लॉक्सॅसिनचं रिकामं पाकीटही निघालं. दोन आठवड्यांपूर्वी हगवणीसाठी घेतलेलं. या गटातली प्रतिजैविकं कंडरा दुबळ्या करू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ साली तसा ठळक चौकटीतला इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावला. याच्या बाबतीत तेच कारण होतं असं मी म्हणणार नाही, पण चिठ्ठीत लिहिलं.

बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पाठवलं. उशीर झाल्यामुळे तुटलेली टोकं लांब सरकली होती, तिथे शस्त्रक्रिया झाली. टाचेखाली उंचवटे असलेला बूट घालून तो परत आला तेव्हा माझी खरी लढाई सुरू झाली, आणि ती घरच्यांशी होती. पाय आखडेल म्हणून भाचा रोज तेल लावून पाऊल वर ओढायला बघत होता. त्याच्या मनात मायाच होती, पण मी कडक शब्दांत थांबवलं. कंडरा भरताना एक-दोन सेंटीमीटर जरी लांब राहिली, तरी पोटरीची आधीची आकुंचन पावण्याची मजल ती ढील भरून काढण्यातच संपते, आणि टाच उचलायच्या शेवटच्या टप्प्यात जोर उरत नाही. ताणून लांब झालेली कंडरा व्यायामाने पुन्हा आखूड होत नाही. उलट मोजूनमापून दिलेला भार तिला हवाच असतो, कारण नवे तंतू ओढीच्या दिशेनेच रांगेत लागतात. म्हणून उंचवटे एकेक करून काढले, मग बसून टाचा उचलणं, मग उभं राहून, मग एका पायावर.

डावी टाच अजून उजव्याइतकी वर जात नाही. कमी उंचीच्या माडांवर तो चढू लागला आहे, तळव्यांच्या खळग्यात खोड धरून, भाच्याला खाली उभं करून. पाटावर आता पोफळीचं खोड आडवं टाकलं आहे. उडीला मी अजून होकार दिलेला नाही, आणि डावी टाच उजवीच्या बरोबरीला येईपर्यंत देणार नाही.