पंखांची देवी

परवा दुपारी राजवाड्यापाशी एकजण फुटपाथवर फडकं अंथरून जुनी नाणी मांडून बसला होता. मी निघालो होतो कंदी पेढे घ्यायला. नाण्यांत एक पदक दिसलं, इंग्लंडच्या आठव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचं. १२ मे १९३७. हा राज्याभिषेक झालाच नाही! लग्नापायी गडी डिसेंबर १९३६ मध्येच गादी सोडून मोकळा झाला आणि त्याच ठरल्या तारखेला मुकुट चढला भावाच्या डोक्यावर. पदकं मात्र आधीच पाडून ठेवलेली. लग्न मोडल्यावर छापलेल्या पत्रिका उरतात, तशी उरली.

आपल्याकडे १६७४ साली रायगडावर अभिषेक झाला तेव्हा होन आणि शिवराई पाडल्या. शिवराई बाजारात चालायची. आठवण ठेवायची तर अशी, मीठ-मिरची आणता येईल अशी. छातीवर टांगून मिरवण्याचं मला पहिल्यापासून वावडं आहे. शाळेतली माझी दोन पदकं मी गोट्यांच्या बदल्यात देऊन टाकली होती.

पण आमच्या देवघरात एक पदक होतं. पहिल्या महायुद्धाचं, ब्राँझचं. एका बाजूला पंख पसरलेली बाई, हातात झावळीसारखी फांदी. आजी तिला रोज कुंकू लावायची. ही कुठली देवी, असं विचारलं की म्हणायची, "पंख हायती म्हंजे देवीच की रं!" मागच्या बाजूला इंग्रजीत 'सभ्यतेसाठी लढलेलं महायुद्ध' अशा अर्थाचा मजकूर आणि १९१४ ते १९१९. लढाई १९१८ लाच थांबली, मग १९ कसं, यावरून काका दर दिवाळीला वाद घालायचे. तह १९१९ मध्ये झाला, हे सांगितलं तरी त्यांचं समाधान होत नसे.

पदक आजोबांच्या चुलत्यांचं. घरात त्यांच्याबद्दल 'बसऱ्याला गेले' एवढंच बोललं जाई. ११० नंबरची मराठा पलटण. तिकडे इराकात, कुत-अल-अमाराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात उपासमार झाली, २९ एप्रिल १९१६ ला सगळे शरण गेले. ते कैदेतून परतले नाहीत. घरी आली ती दोन पदकं, एक ब्राँझचं, एक चांदीचं. अशी पदकं सातारच्या गावोगाव आली. अपशिंगे मिलिटरीसारख्या एका गावाने त्या महायुद्धात ४६ माणसं गमावली.

पदकाच्या कडेवर नंबर, नाव, पलटण ठोकलेली असते. आमच्या पदकाची कड दर दसऱ्याला चिंच लावून घासलेली. आता बोट फिरवलं तर 'मराठा' तेवढं लागतं.

चांदीच्या पदकावर राजाचं तोंड होतं. आजी लग्न होऊन आली तेव्हा मोठ्या सासूबाईंनी, म्हणजे त्या चुलत्यांच्या बायकोने, ते सोनाराकडे नेऊन मोडलं आणि नव्या सुनेला जोडवी केली. ब्राँझचं सोनाराने घेतलं नाही, म्हणून ते देवघरात गेलं.

मोठ्या सासूबाईंनी त्या देवीला कधी हात जोडले नाहीत, असं आजी सांगायची.