लोणा लागलेला पाइप

गाडी लिफ्टवर घेण्याआधीच मी तिच्या एसीला दाब मोजायचं गेज लावलं. काटा 35 पीएसआयवर होता. ऑक्टोबरची सकाळ, गॅरेजमध्ये 31 अंश. एसीतल्या थंडावा देणाऱ्या आर-134ए गॅसचा थोडासा द्रव जरी आत शिल्लक असता, तरी इंजिन बंद असताना काटा शंभराच्या आसपास दिसला असता, कारण द्रव आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो. 35 म्हणजे द्रवाचा थेंबही उरलेला नव्हता.

गाडी होती पोर्शे बॉक्स्टर, 987 मॉडेल. मालक वरळी सी-फेसला राहणारे, सत्तरीचे. मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी येताना जुन्या बिलांची फाइल आणली होती. दोन वर्षांत तीन वेळा गॅस भरलेला, वेगवेगळ्या ठिकाणी. एकाने पुढचा एक कंडेन्सरही, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, बदलला होता. तिसऱ्या बिलावर लिहिलं होतं, "गॅस संपला, भरला."

"अरे, पेट्रोलसारखा संपतो का हा गॅस?" काकांनी विचारलं.

"नाही काका. बंद नळीत फिरणारा गॅस आहे. तो संपत नाही, कुठून तरी बाहेर पडतो."

हे वाक्य मी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनच्या ट्रेडला असताना पहिल्याच महिन्यात शिकलो, आणि आजही ते सांगताना मला राग येतो. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे हवेत सोडणं. शिवाय हा गॅस ओझोनला धक्का लावत नसला तरी त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. तीनदा भरला आणि तीनदा वरळीच्या हवेत गेला.

आता या गाडीची रचना सांगायला हवी, कारण सगळी गोम तिथेच आहे. नेहमीच्या गाडीत कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) आणि कंडेन्सर बॉनेटखाली हातभर अंतरावर असतात. बॉक्स्टरचं इंजिन सीटच्या मागे. पुढे डिकी, मागेही डिकी. कॉम्प्रेसर इंजिनाबरोबर मागे, आणि दोन कंडेन्सर पार पुढे, बंपरच्या डाव्या-उजव्या तोंडांत. त्यामुळे दोन लांब ॲल्युमिनियमचे पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. एक कॉम्प्रेसरकडून तापलेला गॅस पुढे नेणारा, दुसरा केबिनच्या कूलिंग कॉइलकडून थंड गॅस मागे आणणारा, जरा जाड. बंपरच्या तोंडात पानं-कचरा साचून कंडेन्सर सडतात हे खरं, म्हणून सगळे आधी तिकडेच बघतात. पोटाखाली प्लास्टिकची पॅनेलं असतात. ती काढायचा कंटाळा केला की पाइप दिसतच नाहीत.

लीक डिटेक्टरचं नाक पॅनेलच्या कडेला धरलं तर शिट्टी सगळीकडेच वाजायला लागली. हा गॅस हवेपेक्षा जड, तो पॅनेलमध्ये तळं साचावं तसा साचलेला. उरलासुरला गॅस मशीनने सिलिंडरमध्ये ओढून घेतला आणि आम्ही पॅनेलं काढायला घेतली. निम्मे स्क्रू गंजलेले. एक तर ड्रिलने उडवावा लागला. शेवटचं पॅनेल खाली आलं तसा त्यातून ओंजळभर काळा चिखल पडला. माझ्याकडे काम शिकणाऱ्या पोराने त्यातला थोडा बोटांत चोळला. "दादा, यात वाळू आहे." पावसाळ्यात भरतीच्या लाटा सी-फेसच्या कठड्यावर आपटून रस्त्यावर येतात, त्यांतली असणार.

मी टॉर्च मारला. दोन्ही पाइपांचा उघडा भाग चांगला होता, नुसता मळका. पण जिथे जिथे ते रबर लावलेल्या पत्र्याच्या क्लिपमध्ये धरले होते, तिथे रबराच्या दोन्ही कडांतून पांढरी भुकटी बाहेर आली होती. आमच्या गावच्या घरी भिंतीला लोणा लागायचा, अगदी तसाच. तोच ओलसर पांढरा फुगवटा, बोट लावलं की भुगा.

ॲल्युमिनियमला हवेत आपोआप ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि तो आतल्या धातूला वाचवतो. मिठातला क्लोराइड हा थर जागोजाग भेदतो. क्लिपच्या रबराखाली खारं पाणी शिरलं की ते सुकतच नाही, हवाही खेळत नाही, आणि वर शेजारी लोखंडी पत्रा. मग झीज सगळीकडे सारखी होत नाही, सुईने टोचावं तशी एकेका ठिपक्यातून आत जाते. एरवी गळतीच्या जागी गॅसबरोबर आलेलं तेल दिसतं, त्यावर धूळ चिकटून काळा डाग पडतो. पण हे एसीचं पीएजी तेल पाण्यात मिसळून वाहून जातं. चार महिन्यांच्या पावसाने सगळ्या खुणा धुऊन नेल्या होत्या.

नायट्रोजनने 150 पीएसआय दाब दिला. (कुणी घाईत ऑक्सिजनचा सिलिंडर जोडतं. कधीही करू नये. आतल्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन भेटला की स्फोट होतो.) साबणाचं पाणी लावलं आणि मधल्या क्लिपपाशी बारीक फेस फुलायला लागला.

एका भोकासाठी एवढा पाइप कशाला कापायचा, आर्गॉन वेल्डिंग करू, असं मलाही वाटलं. शिवडीहून आमचे ओळखीचे वेल्डर आले. मूळ मालवणचे, तरुणपणी मच्छीमार बोटींवर काम केलेले. त्यांनी दाब सोडायला लावला, तारेच्या ब्रशने ती जागा घासली, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि नुसता टेकवला. तो आरपार गेला.

"ह्या काय टिकाचा नाय," ते म्हणाले. मग मला समजावलं. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण वरचा ऑक्साइड दोन हजारांच्या वर. वितळण्याआधी ते लोखंडासारखं लाल होऊन इशाराही देत नाही. पोखरलेल्या, आत मीठ भरलेल्या पाइपाला वेल्डिंगची झळ लावली तर भोक बुजायच्या ऐवजी बोटभर मोठं होईल. शिवाय शेजारून पेट्रोलची लाइन गेलेली. एका पैशाचं काम न घेता ते चहा पिऊन निघून गेले. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

कंपनीचा अख्खा पाइप मागवायचा तर जर्मनीहून यायला वेळ, आणि किंमत ऐकून काका गप्पच झाले. मग ठरलं की सडलेला भाग कापायचा आणि चांगल्या धातूच्या दोन टोकांमध्ये एसीची बॅरियर होज बसवायची. साधी रबरी नळी इथे चालत नाही. या गॅसचे रेणू रबरातून हळूहळू झिरपतात, म्हणून आत नायलॉनचा थर असलेली होजच लागते. पोरगा ऑपेरा हाउसच्या बाजारात जाऊन होज, ओ-रिंगवाले (रबरी कड्यांचे) कॉम्प्रेशन जोड आणि नवा ड्रायर घेऊन आला. सिस्टीम उघडली की ड्रायर बदलायचाच. त्यातले दाणे हवेतली ओल शोषून निकामी होतात.

कापताना मी करवत वापरत नाही, आत कीस जातो आणि तो थेट कॉम्प्रेसरमध्ये. पाइप कटर हळूहळू फिरवला. दोन्ही पाइपांचा दोन-दोन फुटांचा तुकडा काढला. टोकं आरशासारखी साफ केली, ओ-रिंगना पीएजी तेल लावलं, जोड कसले.

संध्याकाळी सहाला पुन्हा नायट्रोजन, 150. तापमान 33. सहा वाजून चाळीस मिनिटांनी काटा 146, तापमान 31.

पोरगा म्हणाला, "दादा, थंड झालं म्हणून उतरलं असेल."

मी त्याला पाटीवर गणित मांडून दाखवलं. बंद जागेतल्या वायूचा दाब तापमानाबरोबर उतरतो हे बरोबर. पण तापमान केल्विनमध्ये मोजायचं, म्हणजे अंशांत 273 मिळवून. 306 वरून 304 झालं, म्हणजे शंभरात एकापेक्षाही कमी. वातावरणाचा दाब धरून एकूण 165च्या जवळ, त्याला जेमतेम एक पीएसआय उतरायला हवा होता. इथे चार उतरले होते. उरलेले तीन कुठून तरी गेले.

काका बाहेर खुर्चीवर बसून होते. ते म्हणाले, "आता भरून टाक रे, एवढ्याने काय होणार आहे." दमले होते बिचारे. थोडे दिवस एसी चाललाही असता. मी त्यांना आतच बोलावलं, काटा दाखवला आणि म्हटलं, "काका, माझं बिल हे तुमच्या फाइलमधलं चौथं होईल."

ते थोडा वेळ काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गाडी इथेच ठेव. मी टॅक्सीने जातो."

आमचे सगळे जोड कोरडे होते. मागच्या बाजूला, इंजिनाकडे वळणाऱ्या शेवटच्या क्लिपचं रबर मी दिवसभरात उघडलं नव्हतं, कारण बाहेर पांढरं काही दिसत नव्हतं. ते सुरीने कापून काढलं. खाली मुगाच्या दाण्याएवढा फुगवटा, आणि साबणाचा एकच बुडबुडा, मोठा होऊन फुटणारा, पुन्हा येणारा. ही चूक माझी. एक क्लिप सडली म्हटल्यावर सगळ्या उघडायच्या होत्या. तो भागही कापला, होज तिथपर्यंत वाढवली. क्लिपा सगळ्या नायलॉनच्या टाकल्या. स्टीलच्या चकचकीत टाकायचा मोह होतो, पण खाऱ्या पाण्यात स्टीलशेजारी ॲल्युमिनियमचाच बळी जातो.

रात्री साडेदहाला 31 अंशांवर 150 भरून, पाटीवर लिहून कुलूप लावलं.

सकाळी सातला तापमान 29. मी गेजकडे न बघता आधी पोराला विचारलं, किती असायला हवं. त्याने पाटीवर हिशेब केला आणि म्हणाला, "149." मग आम्ही दोघं वाकून बघायला गेलो. काटा 149 वर होता.

तासभर व्हॅक्यूम ओढला, लेबलवरच्या वजनाइतका गॅस वजनकाट्यावर तोलून भरला. काका अकराला आले. केबिनच्या जाळीत लावलेला थर्मामीटर सात अंशांवर येईपर्यंत ते दार उघडं ठेवून शेजारी उभे होते. मी म्हटलं, "काका, दार लावा, आत बसा." ते बसले, काच वर केली आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.