दिवाळखोरीचा कायदा फॉर्मवरून शिका

अमेरिकेत पॅरालीगलचा (वकिलाच्या प्रशिक्षित सहाय्यकाचा) कोर्स करणाऱ्यांना दिवाळखोरीचा विषय सुरुवातीला रुक्ष वाटतो. नुसती कलमं पाठ करायला बसलं तर तसंच होणार. त्यापेक्षा चॅप्टर ७ चे, म्हणजे मालमत्ता विकून उरलेल्या कर्जातून मुक्त होण्याच्या प्रकाराचे, सगळे फॉर्म छापून घ्या (फेडरल कोर्टांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात) आणि प्रत्येक प्रश्नाशेजारी, तो ज्या कलमामुळे विचारला आहे त्याचा क्रमांक पेन्सिलीने लिहीत जा.

विद्यार्थी हमखास अडखळतात ते उत्पन्नात. मीन्स टेस्टसाठी (चॅप्टर ७ ची पात्रता पाहणाऱ्या उत्पन्नाच्या चाचणीसाठी), म्हणजे फॉर्म १२२ए-१ मध्ये, अर्जाच्या महिन्याआधीचे सहा पूर्ण महिने धरायचे. अर्ज १८ सप्टेंबरला असेल तर मार्च ते ऑगस्ट; सप्टेंबरचा पगार त्यात येत नाही. समजा, मार्च ते जून दरमहा ४,८०० डॉलर होते आणि नोकरी बदलल्यामुळे जुलै-ऑगस्टला २,४००. बेरीज २४,०००, सरासरी ४,०००, वर्षाचे ४८,०००. हा आकडा त्या राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यक उत्पन्नाशी ताडायचा. शेड्यूल आय मात्र आजची कमाई विचारतं, म्हणून तिथे २,४००. आकडे जुळत नाहीत म्हणून एक बदलून दुसऱ्यासारखा करू नका. दोन्ही बरोबर आहेत.

अशील मराठी असेल तर मालमत्तेची यादी अधिक काळजीने करा. कलम ५४१ नुसार मालमत्ता जगात कुठेही असली तरी ती शेड्यूल ए-बी मध्ये दाखवावी लागते. 'भारतात काही आहे का?' असं विचारलं तर बहुतेक जण मनापासून 'नाही' म्हणतात, कारण गावची जमीन त्यांना आपली वाटतच नाही. म्हणून थेट विचारा: सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत? वडील गेले असतील तर पुढे वाटणी झाली का? आईबरोबर जॉइंट खातं आहे का? एलआयसीची पॉलिसी, लॉकरमधलं सोनं? वारसनोंद राहिली असली तरी हिस्सा असू शकतो.

फॉर्म १०७ मध्येही, म्हणजे आधीच्या आर्थिक व्यवहारांच्या माहितीतही, तेच. दोन वर्षांत एका व्यक्तीला एकूण ६०० डॉलरपेक्षा जास्त भेट दिली असेल तर ती लिहायची. घरी आईवडिलांना पाठवलेले पैसे इथे येतात. भावाचं कर्ज वर्षभरात फेडलं असेल तर तेही. इतर धनकोंच्या बाबतीत ट्रस्टी (दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घेऊन धनकोंना वाटणारा) ९० दिवस मागे जातो, नातेवाइकांच्या बाबतीत एक वर्ष, आणि कलम ५४७ खाली ती रक्कम भावाकडून परत मागू शकतो. जाणूनबुजून लपवलं तर कर्जमुक्तीच नाकारली जाऊ शकते.

तारखांची वेगळी वही करा. क्रेडिट समुपदेशन अर्जाआधीच्या १८० दिवसांत झालेलं हवं. अर्ज भरल्यावर केलेलं सहसा चालत नाही. आधीच्या ६० दिवसांच्या पगारपावत्यांसारखे आवश्यक कागद ४५ दिवसांत दाखल झाले नाहीत तर ४६ व्या दिवशी प्रकरण आपोआप रद्द होऊ शकतं. ताजं कर विवरणपत्र ३४१ च्या बैठकीआधी (कलम ३४१ नुसार होणाऱ्या धनकोंच्या बैठकीआधी) किमान ७ दिवस ट्रस्टीकडे पोहोचवायचं. दुसऱ्या कोर्सच्या (अर्ज भरल्यावर करायच्या, पैसे सांभाळायला शिकवणाऱ्या) प्रमाणपत्राचे ६० दिवस बैठकीच्या पहिल्या ठरलेल्या तारखेपासून मोजतात. बैठक पुढे गेली तरी ही मुदत सरकत नाही. प्रमाणपत्र राहिलं तर कर्जमुक्ती न मिळताच फाइल बंद होते.

आणि अशिलाने 'चॅप्टर ७ भरू की १३ (हप्त्यांनी कर्ज फेडण्याचा प्रकार)?' असं विचारलं तर प्रश्न जसाच्या तसा टिपून वकिलाकडे द्या. उत्तर ठाऊक असलं तरी ते देण्याचा अधिकार पॅरालीगलला नाही.