आठाच्या पोटातला दगड

मॉरिशसचा काळा दगड सह्याद्रीतल्या आपल्या दगडासारखाच दिसतो. कामाला मात्र फार वेगळा. अंगभर भोकांची जाळी. टाकीने ठोकून पाहिला की खणखणीत वाजणारा भाग आणि बद्द वाजणारा पोकळ भाग एकाच वितीत सापडतो. नाकाचा शेंडा छिन्नीने काढायला गेलं तर ढलपीच निघते, घासून घासून आणावा लागतो. उसाच्या मळ्यांत याच दगडांचे मोठाले ढीग आजही उभे आहेत. करारावर आणलेल्या मजुरांनी हातांनी वेचून रचलेले.

तिथल्या एका मराठी मंडळाच्या सभागृहासाठी मी उठावशिल्प करत होतो: मुंबई बंदरातून निघालेला मजूर पोर्ट लुईला उतरतो आहे, समोर आप्रवासी घाटाच्या, म्हणजे मजुरांना उतरवून घ्यायच्या धक्क्याच्या, 16 पायऱ्या. 1834 पासून लाखो माणसं या बेटावर अशीच उतरली.

काम अर्ध्यावर असताना एक आजी कागद घेऊन आल्या. पणजोबांच्या नोंदीची प्रत, महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दप्तरातून काढलेली. त्यावर फोटो आणि मजूर म्हणून त्यांना दिलेला सहा आकडी नंबर.

"बाळा, हा नंबर कोर."

मंडळींना ते मुळीच पटेना. "नंबर गुरांना घालतात. आमच्या आजोबांनी तो जन्मभर लपवला." हेही खोटं नव्हतं, म्हणून मी गप्प राहिलो. आजी म्हणाल्या, "नाव कारकुनानं ऐकलं तसं लिवलं. तेच आमचं आडनाव झालं. नंबर तेवढा खरा. त्याच्यावरूनच तर सापडला तो."

मी नंबर वीतभर उंचीचा मागितला. मिळाला बोटभर, तोही खालच्या कोपऱ्यात. जाळीदार दगडात एवढा लहान आकडा कोरू नये, हे मी तीनदा सांगितलं. शिल्पकाराचं ऐकायचं नाही, ही कमिट्यांची रीतच आहे. शेवटून दुसरा आकडा आठ. त्याच्या वरच्या गोलातला मण्याएवढा दगड जागेवर राहायला हवा होता. छिन्नी हलकी धरली होती, तरी तो टचकन उडाला. दगडपूड आणि अ‍ॅरल्डाइट कालवून तो खड्डा भरता आला असता. मी भरला नाही.

आजींनी एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. आठाच्या खड्ड्यात ते थोडं अडकलं. त्यांनी मोठ्याने पूर्ण नंबर म्हटला, पाठ होता त्यांना.

गेल्या महिन्यात सभागृहाचा फोटो आला. त्या कोपऱ्यासमोर कोणीतरी मोठी फुलदाणी ठेवली आहे. मला ते फार लागलंय. वीतभर उंचीसाठी मी आणखी भांडायला हवं होतं.