वेरूळला जाताना अंबरनाथ आणि सिन्नर जोडाच

बेळगावची मावशी आली आणि मुंबई, नाशिक, छत्रपती संभाजीनगर असा बेत ठरला. वाटेत काय काय घेता येईल याची घरच्यांची यादी बरीच लांबली. शेवटी आम्ही एकच कसोटी लावली: जे पाहिल्यावर वेरूळ जास्त कळेल तेवढंच घ्यायचं. त्यात अंबरनाथ आणि सिन्नर टिकले, आणि सहलीतला सगळ्यात जास्त आनंद याच दोन थांब्यांनी दिला.

सुरुवात घारापुरीपासून केली. गेटवेहून लाँचने तासभर लागतो. वर शंभरावर पायऱ्या आहेत. गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी डोली मिळते. सगळे त्रिमूर्तीसमोर फोटो काढून परततात. तुम्ही चार दारांचा, चारी बाजूंनी द्वारपाल असलेला लिंगाचा गाभारा नीट बघून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

अंबरनाथसाठी अर्धा दिवस वेगळा ठेवा. नाशिकच्या रस्त्यात ते सरळ येत नाही, त्यामुळे गाडीपेक्षा लोकल बरी. पूर्वेला उतरून रिक्षा केली की लगेच पोचता. वालधुनी नदीकाठचं हे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखानुसार इ.स. 1060चं. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून खाली उभं राहिलं की वर शिखराऐवजी थेट आकाश दिसतं. बाहेरच्या भिंतीला एक फेरी पुरत नाही; निदान दोन घालाच, दुसरी गजथर, म्हणजे हत्तींची कोरीव रांग, बघत. काळ्या दगडावर तिरपं ऊन पडतं तेव्हा नक्षी उठून दिसते, म्हणून सकाळी लवकर जा. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळा.

नाशिकमध्ये पंचवटी सगळे करतातच. आम्ही पांडवलेणी घेतली. मुंबईहून येताना शहराच्या अलीकडेच महामार्गालगत ती आहेत. तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, गुणगान करणारा लेख कोरवून घेतलाय. चढ दमवतो, पाणी खालूनच घेऊन निघा.

सिन्नरचं गोंदेश्वर मात्र चुकवू नका. यादवकाळातलं पंचायतन आहे: मध्ये महादेव, चार कोपऱ्यांत चार लहान देवळं. अंबरनाथला जे शिखर उरलेलं नाही, त्याच भूमिज शैलीचं शिखर इथे शाबूत आहे. उभ्या पट्ट्या वर निमुळत्या होत जातात आणि त्यांच्यामध्ये छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी. मावशी म्हणाली, "अगं, अंबरनाथचं वरचं हे असं असणार!" दोन्ही एकाच सहलीत बघायचं कारण हेच. पुढे समृद्धी महामार्ग धरा, पण आधी टायरमधली हवा तपासा आणि खाणं सोबत ठेवा.

वेरूळला कैलास आधी कडेच्या डोंगरावर चढून वरून बघा. देऊळ बांधलेलं नाही, कळसापासून खाली कोरत आणलंय, हे वरूनच पटतं. नंतर आत उतरा. दम उरला असेल तर 29 क्रमांकाचं लेणं, धुमार लेणं, जरूर करा. तिथे पाऊल टाकलं की घारापुरीच आठवते: तोच चार दारांचा गाभारा, तेच द्वारपाल, भिंतीवर शिवपार्वतीचा विवाह आणि कैलास पर्वत हलवणारा रावण. गर्दी जवळजवळ नसते.

दौलताबाद त्याच रस्त्यावर आहे, पण वेरूळच्या दिवशीच किल्ला चढायचा हट्ट धरू नका. ज्येष्ठ मंडळी असतील तर तो दुसऱ्या सकाळी.

वार मात्र आधी जुळवा. घारापुरी आणि अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. बुधवारी मुंबईतून सुरुवात केली तर सगळं रविवारपर्यंत बसतं. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद असतात, तेव्हा घारापुरीचा दिवस मुंबईतल्याच कान्हेरी लेण्यांना द्या. तीही सोमवारी बंदच असते.